डाव्या सीटच्या मागे

बुधवार, १२ मार्च

प्रिय भावजयबाई,

अनेक आशीर्वाद. मी बरी आहे, तुम्ही दोघंही बरे असाल असं धरून चालते. माझ्या शिलाई मशीनची मोटर जळाली होती, ती परवा दुरुस्त होऊन आली. त्यामुळे दुकानात पुन्हा गाद्यांचा ढीग लागलाय, बसायलाही जागा नाही. तुमच्या दवाखान्यात गर्दी कशी आहे? तू काढायला सांगितलेली ती माझी दाढ अजून तशीच आहे. घाबरते म्हणून नाही, वेळ नाही म्हणून. बरं, थोडी घाबरते.

फोन असताना ही बाई पत्र का लिहितेय, असं तुला वाटेल. अगं, फोनवर मी भांडते. समोर आले तर जास्तच भांडते. आज न भांडता बोलायचंय.

रविवारी तुम्ही दोघं बोट घेऊन बेटापर्यंत जाणार, असं तुझ्या नवऱ्याने, आमच्या धाकट्याने, सांगितलं. मग बोटीत कुठे काय ठेवलंय ते तुला माहीत हवं. त्याला विचारलंस तर "आहे कुठेतरी" एवढंच उत्तर मिळेल, लहानपणापासून त्याचं दप्तरही कुठेतरीच असायचं.

साडेअठरा फुटांची बोट, त्यातली निम्मी इंजिन आणि टाकीने खाल्लेली. बनवणाऱ्याने दोन माणसं आणि वेग एवढाच विचार केलाय. माणसांबरोबर सामान येतं हे त्याच्या गावीही नव्हतं. तरी मी जागा काढल्यात. पुढच्या टोकात फक्त हलकं: धक्क्याला बोट घासू नये म्हणून लावायचे ते रबरी फुगे आणि दोर. तिथे जड काही ठेवलं तर बोट लाटेत नाक खुपसते. उजव्या बाजूला आतून जाळी शिवलीय, त्यात पाणी, टॉर्च, शिट्टी, मलमपट्टी. आग विझवायचा सिलिंडर त्याच्या सीटखाली, हात घातला की लागतो. पाने-पकडी मी कापडाच्या गुंडाळीत बांधल्यात, म्हणजे खुळखुळत नाहीत. काहीही मोकळं ठेवू नकोस. तीन वर्षांपूर्वी एक पाना उडून माझ्या कपाळाला लागला, खूण अजून आहे. त्या दिवशी धाकटा माझ्यापेक्षा मोठ्याने रडला होता, याची त्याला आठवण करून दे.

राहिला नांगर. त्याचं खाली लिहिते.

आधी दुसरं सांगते. तुला कदाचित माहीत असेल, तरी माझ्या तोंडून ऐक. ही बोट आम्ही दोघांनी घेतली तेव्हा तिच्या तळाला माझं डोकं जाईल एवढं भोक होतं. अकरा वर्षं झाली. भोक त्याने बुजवलं, गाद्या मी शिवल्या. तो उजवीकडे, मी डावीकडे. तो चालवायचा आणि मी लाटा बघायची. इंजिनच्या आवाजात ओरडून उपयोग नसतो, म्हणून आम्ही खुणा ठरवल्या. खांद्यावर एक चापटी म्हणजे वेग कमी कर. दोन म्हणजे सोड सुसाट. माझ्या नवऱ्यालाही कधी कळलं नाही की आमचं काय चालतं. तो किनाऱ्यावर बसून पेपर वाचायचा.

मग तू आलीस. खोटं कशाला बोलू, लग्नात मला तू आवडली होतीस. घरात सगळे मला ताई म्हणतात, तू पहिल्याच दिवशी "वन्सं" म्हणालीस. मी म्हटलं, ही कुठल्या जमान्यातली! पण मनातून बरं वाटलं. तो घरच्या सगळ्या गोष्टी तुला सांगतो, त्याचंही मला काही नाही. बायकोला नाही सांगणार तर कुणाला? पण जानेवारीत मी धक्क्यावर डबा द्यायला आले होते. तुम्ही दोघं बोटीत बसला होतात, इंजिन बंद. आणि तू त्याच्या खांद्यावर चापटी मारत होतीस. एक. दोन. पुन्हा एक. तो हसत होता, "हां, बरोबर!" म्हणत होता.

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. डबा तसाच परत नेला आणि त्याला सांगितलं की विसरले.

हेवा वाटला असं लिहिलं तर फार सभ्य होईल. मी जळत होते गं, अजूनही जळते. तू डाव्या सीटवर बसतेस ती गादी मी माझ्या मापाने शिवलीय, तुझ्यासारख्या काडीपैलवानाला ती सैल होते, हे बघूनही मला बरं वाटायचं. म्हटलं, नव्याचे नऊ दिवस. समुद्र लागेल, ओकेल, आपोआप घरी बसेल. तू ओकलीस आणि तोंड धुऊन परत बसलीस. तेव्हा तर मला तुझा जास्तच राग आला.

आता नांगर.

बेटापर्यंत जायचं तर नांगर हवाच, असं बंदरावरच्या साहेबाने सांगितलं. आम्ही कधी तेवढं लांब जात नव्हतो, म्हणून नव्हता. साखळीसकट नऊ किलो. धाकटा माझ्याकडे आला. "ताई, तूच जागा शोध. तुझ्याइतकी ही बोट कुणालाच माहीत नाही." ते मात्र खरं आहे.

मी एक आख्खी दुपार बोटीत होते. पुढे ठेवता येत नाही, सांगितलंच. मागे बॅटरी. सीटखाली मावत नाही. त्याने विचारलं, "डाव्या सीटच्या मागे काही होईल?" मी म्हटलं, "तिथे नुसती फळी आहे." मग मी तुझ्या पायाशी प्लायवूडचा खोका ठोकला आणि नांगर त्यात ठेवला. म्हटलं, एवढी एकच जागा आहे, करणार काय!

लाट आपटते तेव्हा डावीकडच्या माणसाला पाय लांब करून समोर रेटून धरावे लागतात. पाय दुमडलेले असले की सगळा दणका कमरेत बसतो. हे मला माहीत होतं. नऊ वर्षं त्या सीटवर बसलेल्या बाईला माहीत नसणार तर कुणाला? खोका ठोकताना मी मनाशी म्हणत होते, थोडी गैरसोय होईल, दुसरं काय. उन्हाळाभर बसून बघू दे. शेवटचा स्क्रू पिळेपर्यंत हेच म्हणत होते.

काल धाकटा दुकानात आला. म्हणाला, "तिची कंबर धरलीये शनिवारपासून. वाकताही येत नाही."

मी विचारलं, "का? काय उचललं?"

"उचललं काही नाही. खोक्यामुळे पाय पसरता येत नाहीत ना. मी म्हटलं, ताईला हलवायला सांगतो. तर म्हणाली, नको. वन्संनी केलंय म्हणजे सगळीकडे बघूनच केलं असेल. मीच नीट बसायला शिकते."

मी त्याच्यावरच खेकसले, की कामाच्या वेळी गप्पा मारायला येऊ नकोस. तो बिचारा गेला. त्यानंतर एक साधी सरळ शिवण मी तीनदा उसवली.

तर ऐक. डाव्या सीटच्या मागे फळी आहे, पण नुसती फळी नाही. पाठीच्या गादीच्या खालच्या कडेला चार टिचबटणं आहेत, ती उघड. आत लाकडी झाकण दिसेल. त्याच्यामागे चांगली हातभर खोल जागा आहे, तळाला लागून, बोटीच्या लांबीच्या मधोमध. नांगरासाठी यापेक्षा चांगली जागा या बोटीत नाही. गाद्या माझ्या हातच्या, त्यामुळे धाकट्याने मागे कधी बघितलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. मला तर कळसा माहीत होता, मी मुद्दाम सगळ्यांना वळसा घालायला लावला.

आत माझं सामान आहे. पावसाळी कोट, हातमोजे, फुटक्या काचेचा चष्मा, लोकरी टोपी, पेपरमिंटचा डबा. दोन वर्षं मी त्या बोटीत बसलेले नाही. आधी गुडघा, मग तुमचं लग्न. गुडघा केव्हाच बरा झालाय. सामान तिथे आहे तोवर मी परत बसणार आहे, असं मला वाटायचं. ते काढायला लागू नये म्हणून मी तुझे पाय अडवले. लिहिल्यावर किती क्षुद्र दिसतंय बघ.

मी गुपचूप जाऊन खोका काढू शकले असते. काल संध्याकाळी स्क्रूड्रायव्हर घेऊन निघालेही होते. पण मग तुला कधी कळलं नसतं, आणि तू म्हणत राहिली असतीस, वन्संनी केलंय म्हणजे बघूनच केलं असेल. ते मला पुढे ऐकवलं नसतं. म्हणून खोका तू काढ. सहा स्क्रू आहेत, जास्तच घट्ट पिळलेत, जोर लाव. कंबर सांभाळून, नाहीतर धाकट्याकडून काढून घे. त्याला हे पत्र दाखवायचं की नाही ते तू ठरव, मी काही सांगणार नाही. सोबत दोन पट्टे शिवून पाठवतेय, त्यांनी नांगर आत आवळून बांध. कंबर बरी नसेल तर रविवारी जाऊ नका. बेट कुठे पळून जात नाही.

माझं सामान पिशवीत भरून ठेव. पाठवू नकोस, मी येऊन नेईन. टोपी मात्र तू घे, बेटाच्या बाजूला वारा कानात शिरतो. आणि गादी सोडवून माझ्याकडे पाठव, तुझ्या मापाची करून देते.

आणखी एक. त्याने तुला दोनच खुणा शिकवल्यात, मी धक्क्यावरून मोजल्या होत्या. तिसरीही आहे. लागोपाठ तीन चापट्या म्हणजे मला भीती वाटतेय, परत फिर. ती कुणाला सांगायची नाही अशी मी त्याला शपथ घातली होती, आणि बघ, त्याने तुलासुद्धा सांगितली नाही. नऊ वर्षांत मी ती चारदा मारली. चारही वेळा तो एक शब्द न बोलता वळला आणि नंतर कधी चिडवलं नाही. आता ती तुझी. लागली तर मार, लाजू नकोस.

तुझी वन्सं,
जिला जागा माहीत होती