माझं मत

बाबा,

काल तुम्ही फोनवर ओरडलात, "अकरा मतांनी गेलं रे आपलं रग्बीचं मैदान! आता त्या थॉर्नलीवाल्यांच्या मैदानावर भाडोत्री म्हणून खेळायचं. आपल्यातलेच फुटले, एकेकाचं तोंड बघायचंय मला!" मी ऑस्ट्रेलियातल्या खाणीवरून नुसतं "हो ना" म्हटलं.

तुम्ही दरवर्षी माझाही सभासदाचा पास काढता, म्हणून मैदान विकायचं की ठेवायचं, ही क्लबची मतपत्रिका मलाही आली होती. मी 'विका'वर खूण केली.

दर सामन्याला तुम्ही शेजारी माझी जागा धरता. "पोरगा येईल, सरका तिकडे!" म्हणता, असं मेव्हिस आत्याने सांगितलं. मैदानच गेलं तर वाट बघणं सोडाल, असं वाटलं.

मला परत यायचं नाही, बाबा. हे पत्रही मी टाकणार नाही. तेवढं तोंडावर सांगवेना, म्हणून तुमचं मैदान घालवलं.

तुमचाच,
डेक्लन