चूलबंद ॲडमिन

३ नोव्हेंबर, सोमवार
निरंजन सर बहिणीच्या लग्नाला गेले. नांदे गावच्या ह्या क्लासची कॉम्प्युटर लॅब आठवडाभर माझ्याकडे. मशीनचा मुख्य पासवर्डपण दिला. पुढच्या सोमवारची परीक्षा नीट झाली तर मी पर्मनंट. नाहीतर परत उदगीर, मामाची वीटभट्टी. पर्मनंट झाल्यातच जमा आहे. घरी फोन करून सांगून टाकलं.
निश्चय: रोज थोडं इंग्लिश.

४ नोव्हेंबर
इथं शिकवणाऱ्या रेश्मा मॅडमना परीक्षेचं सॉफ्टवेअर टाकायचंय. लॉगिन होतं. टाकायला गेलं की मशीनवरचं लिनक्स म्हणतं, तुम्हाला ॲडमिनचा हक्क नाही, ह्या प्रकाराचा रिपोर्ट होईल. होऊ दे. वर कळेल तरी, इथं काम चाललंय.
इंग्लिश राहिलं. लाइट गेली होती.

५ नोव्हेंबर
गडबड समजली. लॉगिनची नावं सगळी हेड ऑफिसच्या सर्व्हरवर. हक्क मात्र इथल्या मशीनमधल्या फाइलीत लिहायचे. शिक्षकांच्या ग्रुपचं नाव लिहिलं. चालेना. सरांना फोन लावला. मागं बँड. ओरडून म्हणाले, अरे वाल्मीक, ग्रुपच्या नावात स्पेस आहे, तिथं उलटा स्लॅश दे. हो हो म्हणालो. उलटा कुठला नि सुलटा कुठला, विचारलं नाही. विचारून करणारा ॲडमिन कसला.
चालेनाच.

७ नोव्हेंबर
रूमची मालकीण भागूबाई नातवाच्या बारशाचं सांगायला आली. म्हणाली, चूलबंद आवतान हाय, घरात कुणी जेवायला मागं ऱ्हायचं न्हाई. मी म्हणालो, मी एकटाच आहे. म्हणाली, मग एकट्याची चूल बंद ठेव, लई शाना.
तिथंच डोकं चाललं. एकेकाला कशाला बोलवायचं? सर्व्हरवर सगळ्यांचा एक तयार ग्रुप आहे. शिक्षक, शिपाई, पोरं, सगळी त्यात. नावात स्पेस नाही. तोच हक्काच्या फाइलीत लिहिला. कुणी नाराज नको.
सॉफ्टवेअर झटक्यात बसलं. रेश्मा मॅडम म्हणाल्या, जमलं की रे तुला.

१० नोव्हेंबर, परीक्षा
पेपर सुरू होतोय तोच मल्हार नावाचं पोरगं ओरडलं, आयला, मी ॲडमिन हाय! मागून एक म्हणालं, गप ए, मीबी हाय. मग सगळ्यांनीच करून बघितलं. कुणी दुसऱ्याचा पेपर उघडला. कुणी जागेवरूनच रेश्मा मॅडमचं मशीन बंद केलं. परीक्षा रद्द.
पोरं खूश होती. एवढ्या जणांना एका ओळीत हक्क देणं सोपं नसतं, हे कुणी बोललं नाही. मला काही वाटलं नाही. वडापाव खाल्ला.

११ नोव्हेंबर
सर आले. ओरडले नाहीत. फाइल उघडून बघत बसले. म्हणाले, एका स्लॅशनं भागलं असतं रे. मी म्हणालो, पुढच्या वेळी. त्यावर त्यांनी हेड ऑफिसला मेल लिहायला घेतला. पर्मनंटचाच असणार.

१२ नोव्हेंबर
लॉगिन होईना. पासवर्ड चुकला असंपण म्हणत नाही. ह्या नावाचा माणूसच नाही म्हणतं. स्पेलिंग तपासलं. बरोबर आहे. सर्व्हर बंद पडला असणार. सरांना सांगितलं, मी बघतो काय झालंय ते. ते म्हणाले, राहू दे. जरा ऊठ, मॅडमना बसू दे.
रेश्मा मॅडम त्याच मशीनवर बसल्या. त्यांचं लॉगिन लगेच झालं.