आखूड कोर्ट

बाबा, तो बॉल मी का सोडला, असं मला सगळे विचारतात, आणि ज्यांना सांगावं ते तुम्ही जाऊन तर माझं निम्मं आयुष्य झालं. आशियाई खेळांत टेनिसच्या महिला एकेरीची उपांत्यपूर्व फेरी होती. तो सामना जिंकले असते तर पदक नक्की होतं, पुढे हरले असते तरी ब्राँझ मिळालं असतं. माझं वय बघता मला तिथं पुन्हा कुणी पाठवणार नाही. शेवटच्या सेटमध्ये समोरच्या मुलीला जिंकायला एकच पॉइंट हवा होता. तिनं उंच, खोल बॉल टाकला. मी वेळेत मागे पोचले होते, रॅकेट उचललेली होती, आणि पाठीमागून तुमचा आवाज आला, "सोड." मी सोडला. बॉल रेषेच्या आत पडला. रेषेजवळच्या पंचबाईंनी दोन्ही तळहात जमिनीकडे धरले आणि हातातोंडाशी आलेला घास गेला. ऊन डोळ्यांवर आलं होतं, अशी थाप मी पत्रकारांना मारली. आभाळ भरलेलं होतं, पण कुणी वर बघितलं नाही.

चांदूर बाजारकडची आपली संत्र्याची बाग आठवते. तरुणपणी तुम्ही अमरावतीच्या क्लबात मार्कर होतात, म्हणजे एखाद्या साहेबाला जोडीदार मिळाला नाही की त्याच्याशी खेळायचं आणि एरवी कोर्ट राखायचं. तिथून आणलेलं वेड तुम्ही माझ्या गळ्यात बांधलंत. मला शिकवायला चांगली फळती झाडं काढलीत, काळी माती भेगाळते म्हणून ती उकरून मुरूम भरलात, वर शेणानं सारवून चुन्याच्या रेषा मारल्यात. गावानं तुम्हाला येड्यात काढलं. शेवटची रांग तोडायला गेलात तेव्हा मात्र आई कुऱ्हाडीपुढे उभी राहिली. लग्न होऊन आल्यावर तिनं स्वतः लावलेली झाडं होती ती. म्हणाली, "हे झाडं फयावर हायेत. तुमचं कोर्ट दोन हात आखूड रायलं तं काय आभाय कोसयते?" तुम्ही कुऱ्हाड खाली ठेवलीत आणि माझ्या बाजूची मागची रेषा दोन हात आत ओढलीत.

मी त्या रेषेवर उभी आहे आणि तुम्ही माझ्या मागे, त्याच झाडांना टेकून. बॉल जाळीवरून येतो न येतो तोच तुमचा निकाल लागलेला असतो, "मार" नाहीतर "सोड". मी वळून बघते आणि तुम्ही खेकसता, "मांगं कावून पायते? मांगं काय बॉल हाय?" एकदा मी विचारलं होतं, की खऱ्या कोर्टावर तुम्ही सोडायला लावलेला बॉल आत पडला तर? तुम्ही हसलात. "तवा मी सांगतो ना तुले. मी काय कुठी जाऊन रायलो?"

त्याच उन्हाळ्यात तुम्ही अकोल्याच्या दवाखान्यात गेलात आणि परत आला नाहीत. पण आवाज राहिला. जिल्ह्याच्या सामन्यात, राज्याच्या सामन्यात, प्रत्येक खोल बॉलला माझ्या पाठीशी "सोड". मोठ्या कोर्टावर त्या आवाजात दोन हात मिळवून मी खेळत असे. मला भीती वाटायची आणि बरंही वाटायचं. पुढे माझं लक्ष पाठीमागे असतं हे हेरून बेंगळुरूच्या कोचनं माझ्या कानांत कापूस घालून महिनोन्‌महिने एकही बॉल सोडू दिला नाही. आवाज थांबला. माझा खेळ सुधारला, सगळे खूश झाले. मी मात्र सराव संपल्यावर रिकाम्या कोर्टावर मागच्या रेषेशी उभी राहायचे, कान देऊन. लोकांना वाटे, पोरगी फार मेहनती आहे. तुम्ही काही बोलला नाहीत, वर्षानुवर्षं नाही.

स्पर्धेहून आल्यावर आईला भेटायला गेले. तिनं सामना टीव्हीवर बघितला होता. मला वाटलं होतं, रडेल. तिनं ताट वाढलं, समोर बसली आणि म्हणाली, "थो बॉल आपल्या कोर्टावर भायेर गेला अस्ता." मग ताटात भाकरी वाढत म्हणाली, "मीनं थे झाडं तोडू द्याले पायजे होते." त्या झाडांना आता फारसं फळ येत नाही, तरी उन्हाळ्यात तीच त्यांना पाणी घालते. परवा शेजारीण सांगत होती, म्हातारी ती झाडं तोडायला माणूस शोधून राहिली.

आईला खरं सांगायला हवं, आणि ते तिला सांगण्याआधी तुम्हाला सांगून बघते आहे. चूक झाडांची नव्हती, बाबा, आणि कोर्टाचीही नव्हती. बॉल आत पडणार हे मला स्वच्छ दिसत होतं. पण तुम्ही इतक्या वर्षांनी बोलला होतात, आणि तुम्हाला खोटं पाडायला माझा हात उठला नाही.