डोकं दुखतंय त्यांचं

आई, आज फार दमलेय. दिवसभर सूक्ष्मदर्शकात बघून मान धरलीय आणि घरी आल्यापासून कुणाशी बोललेले नाही. तू असतीस तर आधी चहा पुढे केला असतास आणि मग विचारलं असतंस, "करतेस तरी काय गो तिथे एवढं?" तेच सांगते. कॅन्सरच्या गाठीला वाढायला रक्त लागतं, म्हणून ती स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या तयार करवून घेते. त्या असतात कच्च्या. त्यांना बाहेरून काही पेशी हातपाय पसरून बिलगलेल्या असतात. पेरिसाइट म्हणतात त्यांना, मी आधारपेशी म्हणते. निरोगी अंगात त्या घट्ट धरतात, गाठीत जरा सैल. पण त्या धरतात म्हणून वाहिनी टिकते, गळत नाही. आपण कुणाला पोसतोय हे त्यांना ठाऊक नसतं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला तू आठवलीस आणि खरं सांगायचं तर तुझा राग आला.

ऐंशीच्या दशकातलं आपलं रत्नागिरीचं घर. बाबा बंदराजवळच्या बर्फाच्या कारखान्यात सुपरवायझर. त्यांनी कधी हात उगारला नाही, दारूला शिवले नाहीत. फक्त बोलणं बंद करायचे. आमटीत मीठ कमी पडलं, दादाला गणितात कमी मार्क पडले, काहीही पुरायचं. मग आठवडेच्या आठवडे अबोला. आणि त्या अबोल्याभोवती तू सगळं घर सुरळीत चालवायचीस. तू चुलीवर कुळथाची पिठी ढवळतेयस आणि मला म्हणतेयस, "जा गो, बाबांना सांग, पान वाढलंय." मी शेजारच्याच खोलीत बसलेल्या बाबांना सांगते, ते मुकाट उठतात, जेवतात. दारात कुणी आलं की पदराला हात पुसत तू पुढे होतेस, "आहेत हो घरात, पण डोकं दुखतंय त्यांचं. जरा पडलेत." त्यांना तोंड उघडायची गरजच पडू द्यायची नाहीस. एकदा मी वैतागून म्हटलं, "तूच सगळं हातात देतेस, मग ते कशाला बोलतील?" तू माझ्यावर केवढ्यांदा ओरडलीस, "गप्प बस! सोडून बघायचंय काय तुला?"

तेही बघून झालं. मामा आजारी पडला आणि ऐन अबोल्यात तुला सावर्ड्याला जावं लागलं. दुसऱ्याच दिवशी बाबांना स्वतः विचारावं लागलं, "काडेपेटी कुठाय?" अबोला मोडला म्हणून मला आनंद झाला. पण दादाच्या मनात किती साठलं होतं कोण जाणे, तो उसळून म्हणाला, "आता बरा आवाज फुटला!" मग दोघंही नको ते बोलले. मध्ये पडायला तू नव्हतीस. दादा सकाळच्या एसटीनं मुंबईला काकांकडे निघून गेला. पुढे बाबा पुष्कळ बोलते झाले, आणि दादा त्यांच्याशी शेवटपर्यंत बोलला नाही.

गाठीचंही असंच होतं. आधारपेशी काढून घेतल्या की वाहिन्या कोसळतील आणि गाठ उपाशी मरेल, असं आम्हाला वाटायचं. उंदरांमध्ये गाठ लहान झालेली मी पाहिलीय. पण त्या गळक्या वाहिन्यांतून तिच्या पेशी निसटतात आणि फुफ्फुसात जाऊन बसतात. माणसात तर कधी कधी कितीतरी वर्षं त्यांचा पत्ताही लागत नाही. आज उंदरांच्या फुफ्फुसात तेच बघत बसले होते. तू धरून ठेवलंस ते बरोबर होतं का, हे मला अजूनही सांगता येत नाही. तुझ्यावर रागावायचंही आता त्राण उरलेलं नाही.

हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. परवापासून मी ह्यांच्याशी बोलत नाहीये. कारण विचारू नकोस, सांगायची लाज वाटेल इतकं क्षुल्लक आहे. चहा त्यांनी न विचारता टेबलावर आणून ठेवला, तो निवला. मगाशी बाहेर फोन वाजला, माझ्या मैत्रिणीचा असणार. ह्यांचा आवाज ऐकू आला, "आहे हो घरात, पण डोकं दुखतंय तिचं. जरा पडलीय."

माझं डोकं दुखत नाहीये, आई.