फ्रीझ म्हणजे पक्कं

९ सप्टेंबर, दुपार
केंद्रावरून

ती. ताई,

साष्टांग नमस्कार. आम्ही सगळे इकडे बरे आहोत, तुम्हीही बरे असाल असं धरून चालतो. भावोजींच्या पाठीला आराम आहे का? वाकून काही उचलू नका म्हणावं. हिचा गुडघा अधूनमधून कुरकुरतो, पण तोंड त्याहून जास्त, तेव्हा काळजी नको.

तुझी भिंगरी इथं आमच्याकडे ठीक आहे. वेळेवर जेवते, लॅबच्या कोर्सला जाते, येते. आल्यावर पुस्तक उघडते आणि थोड्या वेळानं मिटते. पूर्वी घरात शिरली की चार खोल्यांतून वारा गेल्यासारखं व्हायचं. आता चप्पल काढून गप्प बसते. तू फोनवर विचारतेस तेव्हा ती "मजेत" म्हणते ना? तसं काही नाही.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर मी फार पटकन खोटं बोलतो, ताई. समोरून प्रश्न आला की माझ्या तोंडून उत्तर निघून गेलेलं असतं. कागदावर निदान पेन थांबतं.

सकाळपासून नेट नाही. माणसं येऊन परत गेली. मी तीनदा बाहेर जाऊन तारा बघून आलो, दोनदा पाणी प्यायलो, कीबोर्ड उलटा करून झटकला. हात रिकामे राहिले की मला बसवत नाही. म्हणून म्हटलं लिहून टाकू.

तू माझं हे ऑनलाइन फॉर्म भरायचं केंद्र कधी नीट पाहिलं नाहीस. कचेरीच्या समोरच्या गल्लीत, दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक बाक. पूर्वी इथंच झाडाखाली मी टाइपरायटर घेऊन बसायचो. आता प्रत्येकाच्या हातात फोन आहे. गवंडी, शिलाईवाली, भाजीवाली, सगळे दोन-दोन तास व्हिडिओ बघतात. टाइप करायला नको म्हणून बोलून निरोप पाठवतात. बसमध्ये बघ, निम्मी माणसं फोन तोंडापुढे धरून बडबडत असतात. पण पेन्शनचा किंवा दाखल्याचा फॉर्म उघडला, सगळं इंग्रजी दिसलं, की तोच फोन हातातल्या गरम पातेल्यासारखा लांब धरतात आणि माझ्याकडे येतात. "साहेब, तुम्हीच बघा हो काय ते."

साइटवर वरच्या कोपऱ्यात आपल्या भाषेचं बटण आहे. दाबलं की फक्त मोठ्या साहेबांच्या फोटोखालचं नाव बदलतं. एकदा आतलं पान खरंच बदललं होतं, तर त्यात "अभ्यर्थीने स्वविकल्प अपरिवर्तनीयरीत्या निश्चित करावा" असं होतं. गवंडी म्हणाला, "साहेब, परत इंग्रजी करा. ते निदान कळत नाही हे तरी कळतं."

आम्ही खूप हसलो. सगळ्यांत जास्त मीच हसलो.

आता जे सांगायचं ते सांगतो. मला इंग्रजी येत नाही.

तुला वाटेल, हा काय बोलतोय. मिनिटाला पंचेचाळीस शब्द टाइप करणारा माणूस. कोर्टाचे दावे, बँकेची पत्रं, सगळं मी टाइप केलं. पण ते माझ्या डोळ्यांतून बोटांत जायचं, मधे कुठं थांबायचंच नाही. अक्षरं दिसतात, अर्थ दिसत नाही. आपल्या दोघांत इंग्रजीची पुस्तकं तू वाचायचीस. वडिलांनी टायपिंगच्या क्लासला मला घातलं आणि तुला लग्नासाठी घरी बसवलं, कारण मी मुलगा. तुला इंग्रजी येत होतं ताई, मला फक्त टायपिंग यायचं. बाहेर लोकांनी दोन्ही एकच समजलं आणि मी समजू दिलं.

गावात नेट आल्यावर मी पडद्यावरच्या जागा पाठ केल्या. तिसऱ्या पानावर उजवीकडे खाली निळं बटण म्हणजे पुढे. लाल रेघ म्हणजे चूक. नाव, जन्मतारीख, पत्ता, हे शब्द ओळखीचे. एवढ्यावर मी बारा वर्षं काढली आणि कुणाचं काही बिघडलं नाही. निदान मला कळेल असं बिघडलं नाही. आता वाटतं, किती जणांचं बिघडलं असेल आणि ते "साइटचा घोळ" म्हणून घरी गेले असतील.

भिंगरीच्या प्रवेशाचं मी तुम्हाला काय सांगितलं होतं? साइटचा घोळ. सर्व्हर बसला. तिच्यापेक्षा कमी मार्कांची मुलगी नर्सिंगला लागली आणि आपली पोरगी राहिली, ही खात्याची चूक. भावोजी चिडून खात्याला चार शिव्या देत होते, तेव्हा मीही दोन दिल्या.

झालं ते असं. जुलैत पहिल्या फेरीत तिला लॅबचा कोर्स मिळाला. तिनं पसंतीत नर्सिंग पहिलं लिहिलं होतं, त्यामुळं दुसऱ्या फेरीची वाट बघायची होती. आम्ही केंद्रावर फॉर्म उघडला. मी खुर्चीवर, ती मागे उभी, बाकावर आणि दाराशी मिळून सात-आठ माणसं. साइटचा साचा या वर्षी बदलला होता. पाठ केलेल्या जागेवर काहीच नव्हतं. पडद्यावर तीन चौकटी. एक नकाराची, ती मला ओळखता आली. उरल्या दोन. एकीवर फ्रीझ, एकीवर फ्लोट.

"मामा, फ्रीझ म्हणजे काय रे?" तिनं विचारलं.

मला माहीत नव्हतं. मनात आलं, फ्रिजमध्ये ठेवलेली वस्तू टिकते, तशी हातातली जागा टिकेल. आणि दुसरा शब्द मला फॉल्टसारखा दिसला. फॉल्ट म्हणजे बिघाड, हे वायरमनमुळे ठाऊक. मी म्हणालो, "फ्रीझ म्हणजे पक्कं. ही जागा पक्की राहते आणि पुढच्या फेरीत वरची बघतात."

"थांब, मी फोनवर बघते."

"अगं, रांग बघ केवढी आहे. मामावर विश्वास नाही का?"

तिनं फोन खाली केला. मी बटण दाबलं.

फ्रीझ म्हणजे गोठवणं. हीच जागा कायम, पुढच्या कुठल्याच फेरीत मला धरू नका. फ्लोट म्हणजे तरंगत राहणं, वरची जागा मिळेपर्यंत. हे मला सहा आठवड्यांनी कळलं.

दुसऱ्या फेरीत तिचं नाव नव्हतं तेव्हा तिनं खात्याकडे तक्रार करायची ठरवली. तिच्या शाळेतल्या बाईंनी इंग्रजीत मजकूर लिहून दिला. आणि ताई, ती तक्रार मी टाइप केली. भिंगरी शेजारी बसून "मामा, स्पेलिंग बघ हं नीट" म्हणत होती. एकही चूक झाली नाही.

आठ दिवसांपूर्वी उत्तर आलं. ई-मेल माझा दिला होता, इथं सगळ्यांचा माझाच असतो. मी ते उत्तर तुकडे करून फोनकडून आपल्या भाषेत वाचून घेतलं. उमेदवारानं फ्रीझ हा पर्याय स्वतः निवडल्याची नोंद आहे, तारीख, वेळ, आमच्या केंद्राचा नंबर सगळं दिलंय. पुढं असं आहे, की ही चूक केंद्रचालकाची असेल तर त्यानं तसं लेखी द्यावं आणि अठरा तारखेला उमेदवारासह समितीपुढं यावं. रिकाम्या जागांच्या शेवटच्या फेरीत तिचा विचार होऊ शकेल. शेवटी एक ओळ: अशा केंद्राचा परवाना थांबवण्यात येईल.

आठ दिवस ते पत्र माझ्याकडे आहे. रोज ती विचारते, "काही आलं का रे?" रोज मी पडदा तिच्याकडे वळवून दुसरं काहीतरी दाखवतो. घरी जातो, बसतो, उठतो. हिनं विचारलं, पोटात दुखतंय का. मी हो म्हणालो.

आज लेखी दिलं. आपल्या भाषेत, हातानं. त्याची एक प्रत सोबत घातली आहे. भिंगरीला संध्याकाळी सांगणार आहे, पण आधी हे पाकीट पेटीत टाकतो, म्हणजे मला माघार घेता येणार नाही. मी मला ओळखतो.

भावोजींना तू सांग किंवा सांगू नकोस.

तुझा धाकटा भाऊ


२७ सप्टेंबर

ताई,

तुझं उत्तर नाही. तू भिंगरीला रोज फोन करतेस हे मला माहीत आहे. मी खोलीत आलो की ती गॅलरीत जाते. तक्रार नाही, फक्त मला माहीत आहे एवढंच.

काय झालं ते तिनं तुला सांगितलंच असेल. तरी माझ्याकडून एकदा ऐक.

त्या संध्याकाळी मी तिला सांगितलं तेव्हा ती ओरडली नाही. मला वाटलं होतं ओरडेल. तिनं उत्तराचं पत्र मागितलं, उभ्यानंच वाचलं, वरची तारीख पाहिली. मग म्हणाली, "आठ दिवस?" मी मान हलवली. "मामा, शब्द कुणालाही चुकतो. मलाही माहीत नव्हता. पण हे आठ दिवस तू माझ्यासमोर जेवायला बसत होतास." एवढं बोलून आत गेली. हिनं माझ्याकडे असं बघितलं की मी अंगणात जाऊन उभा राहिलो.

अठराला आम्ही बसनं गेलो. तीन तासांत ती माझ्याशी दोनदा बोलली. एकदा तिकीट ठेव म्हणाली, एकदा उतर म्हणाली.

समितीत तीन माणसं होती. मधल्या बाई मुख्य. त्यांनी फाइल चाळली आणि मला इंग्रजीत काहीतरी विचारलं. पूर्वी मी अशा वेळी "येस मॅडम" म्हणायचो. सगळ्यांना येस मॅडम म्हणत आलो, बहुतेक वेळा ते बरोबरही निघतं. या वेळी भिंगरी शेजारी होती. मी म्हणालो, "मॅडम, मला इंग्रजी समजत नाही. आपल्या भाषेत विचारा."

त्यांनी विचारलं, "तुम्ही केंद्र चालवता ना? बारा वर्षं?"

"हो."

"मग फॉर्म कसे भरता?"

"पाठांतरानं," मी म्हणालो.

शेजारचे गृहस्थ हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी पेन ठेवलं आणि मला सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. मी सांगितलं. तिला फोन बघू दिला नाही हेही सांगितलं, ते लेखी दिलेल्यात नव्हतं. भिंगरी खाली बघत होती. मग त्यांनी तिला विचारलं, "तुमचं काही म्हणणं?"

ती म्हणाली, "मला मामाविरुद्ध काही म्हणायचं नाही. पण ते शब्द तिथं आपल्या भाषेत का नाहीत, हे मला विचारायचंय. माणसांना कळेल अशा आपल्या भाषेत." बाईंनी ते लिहून घेतलं. ती तुझी मुलगी आहे, ताई. माझ्या घरी राहिली म्हणून काही माझी झाली नाही, आणि बरं झालं.

परवा यादी लागली. तिला नर्सिंग मिळालं. गाव लांबचं, वसतिगृहात राहावं लागेल, सोमवारी हजर व्हायचंय. माझा परवाना सहा महिन्यांसाठी थांबवलाय. केंद्राला कुलूप आहे. माणसं येतात, कुलूप बघतात, घरी येऊन विचारतात. मी त्यांना खरं कारण सांगतो. पहिल्या दोघांना सांगताना कान तापले. शिलाईवाली म्हणाली, "मग आमचे कागद बरोबर भरलेत का हो?" मी म्हणालो, घेऊन या, एकेक शब्द बघू. आता दुपारी ओट्यावर तेच करतो. फोनला विचारतो, वहीत लिहितो. आजवर नऊ जणांचे कागद पाहिले. दोघांच्या कागदांत चूक निघाली. एका म्हातारीची पेन्शन दोन वर्षं त्यामुळंच अडली होती, आणि ती दर महिन्याला येऊन मला नमस्कार करून जायची. काल तिच्या घरी जाऊन सांगितलं. तिला नीट ऐकू येत नाही, मला तीनदा मोठ्यानं सांगावं लागलं, शेजारपाजारच्यांनी ऐकलं. त्यानंतर चालत घरी आलो, पण सरळ आलो नाही, सगळं गाव फिरून आलो.

भिंगरीची बॅग भरून दाराशी ठेवली आहे. तिला सोडायला मी येऊ का, असं काल विचारलं. ती म्हणाली, "नको. आई येणार आहे." म्हणजे तू रविवारी इथं येणार. हे मला तिच्याकडून कळावं, तुझ्याकडून नाही, यातच तुझं उत्तर आलं असं मी समजतो.

तरी एक मागतो. रविवारी आलीस की मला घराबाहेर जायला सांगू नकोस. मी ओट्यावर बसेन. माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस. फक्त जाताना एकदा माझ्याकडे बघ, रागानं बघितलंस तरी चालेल.

वाट बघणारा,
तुझा भाऊ