विमलबाई कर्णिक यांचे घर, ठेव आणि उरलेले तेवीस डबे यांची व्यवस्था

मी, श्रीमती विमल मधुसूदन कर्णिक, वय वर्षे शहात्तर, निवृत्त विज्ञान शिक्षिका, राहणार दहिवली, तालुका कर्जत, जिल्हा रायगड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. वकील म्हणाले, हे वाक्य एकदा पुरते. परंतु माझे डोके फिरल्याची बातमी पार चौक गावापर्यंत पोचलेली असल्याने पुन्हा लिहिते: माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे.

१. मला मूलबाळ नाही. यजमान जाऊन सहा वर्षे झाली. जवळचा नातलग म्हणजे दिरांचा मुलगा अनुपम. त्याने आधी मोबाइलचे दुकान काढले, मग फार्महाऊसचे प्लॉट विकले आणि शेवटी लोकांच्या तब्येतीकडे वळला. ‘त्रिबल’ नावाचे डबे तो विकत असे. हाडांना बळ, हृदयाला बळ, थायरॉइडला बळ. शिक्षण वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षापर्यंत, पण डब्यासोबतच्या पत्रकात फोटो मात्र गळ्यात स्टेथोस्कोप घातलेला.

मी वीस वर्षे थायरॉइडची एक गोळी सकाळी उपाशीपोटी घेत होते आणि ठणठणीत होते. अनुपम म्हणाला, “काकू, सगळं एकदमच घेत जा. तुझी ती बारकी गोळी पण यातच. लक्षात ठेवायची कटकट नको.” अशा सात गोळ्या झाल्या. एकतीस वर्षे मी मुलांना ‘कशावरून?’ विचारायला शिकवले आणि स्वतः काहीच विचारले नाही. कारण सांगून टाकते. यजमानांच्या मागे माझे गुडघे कसे आहेत हे विचारणारा तो एकटाच होता. दर गुरुवारी येऊन चहा घ्यायचा.

चार महिन्यांत पाय सुजले, आवाज घोगरा झाला, भर मे महिन्यात मी शाल पांघरून बसू लागले. दुधाचे पातेले तीनदा जळाले. अनुपम म्हणाला, “वय झालं गं आता,” आणि आणखी एक डबा ठेवून गेला. पुढच्या गुरुवारी घराचे बक्षीसपत्र टाईप करून आणले. मी पेन हातात घेतले, पण आडनाव कसे लिहायचे ते आठवेना. सही झाली नाही ती माझ्या शहाणपणामुळे नव्हे. मला बसल्या जागी झोप लागली.

२. सफुरा माझी विद्यार्थिनी. बाजारपेठेत तिचे मेडिकल दुकान आहे. गोळ्या आणायला गेले तेव्हा मी तिला तिच्या आईच्या नावाने, रुबिना म्हणून हाक मारली. ती हसली नाही. म्हणाली, “बाई, सकाळच्या गोळीबरोबर आणखी काय घेता?”

मी पिशवीतून डबा काढला. तिने मागची बारीक अक्षरे वाचली. “यात कॅल्शियम आहे, लोह आहे. ही दोन्ही थायरॉइडच्या गोळीला पोटातच अडवतात. चार तासांचं तरी अंतर हवं. तुमची गोळी इतके महिने अंगी लागलेलीच नाही. आणि यातलं तुम्हाला काय कमी आहे, हे तपासलं कोणी?”

“अनुपमने.”

“कशावरून?” सफुराने विचारले.

त्या दिवशी तिने मला काही विकले नाही. शटर अर्धे ओढले आणि रिक्षात घालून डॉक्टरांकडे नेले. रक्ताचा अहवाल पाहून डॉक्टरांनी आधी तो मलाच वाचायला दिला, मग कपाळाला हात लावला. दोन महिन्यांत मी माणसात आले. कॅल्शियमची एक गोळी डॉक्टरांनी हाडे तपासून चालू ठेवली आहे, ती मी रात्री जेवल्यावर घेते. गोळ्यांशी माझे वैर नाही.

माझा सूक्ष्मदर्शक, विज्ञानाची सर्व पुस्तके आणि ती ठेवलेले सागवानी कपाट सफुराला द्यावे. तीच हे मृत्युपत्र अमलात आणील.

३. उरलेले तेवीस डबे अनुपमला द्यावेत. तो स्वतः त्यातली एकही गोळी घेत नसे. कारण विचारले तेव्हा म्हणाला, “मला ॲसिडिटी होते.” याखेरीज त्याला काही देऊ नये. यावर मी आणखी चार ओळी लिहिल्या होत्या, त्या वकिलांनी खोडायला लावल्या.

४. हे कलम लिहायला मला आठ दिवस लागले. भिवाजी आमच्या शाळेत शिपाई होता, राहणार कोंडाणे. मीच त्याला दोन डबे दिले. “घे रे, मी घेते ना.” त्याने विचारले होते, “बाई, बीपीची गोळी चालू ठेवू नं?” मी अनुपमला विचारले. तो म्हणाला, “हृदयाचं बळ आहे की यात. तिची काय गरज?” हा निरोप मी भिवाजीला जसाच्या तसा पोचवला.

श्रावणात त्याची उजवी बाजू गेली.

भानावर आल्यावर मी कोंडाण्याला गेले. तो ओटीवर पडून होता. शब्द जुळवत म्हणाला, “अनुपमदादानं दिली असती तर फेकली असती. तुमी दिली म्हून घेतली.” त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपे गेले असते.

व्यायाम शिकवणारा माणूस कर्जतला आहे आणि कोंडाण्याहून रोज येणे भिवाजीला झेपत नाही. म्हणून कर्जतला लागून असलेले माझे दहिवलीचे घर भिवाजी व त्याच्या बायकोच्या नावे करावे, आणि बँकेतील सर्व ठेव त्याच्या उपचारासाठी ठेवावी. याला कोणी दान म्हणू नये. शोकसभेत माझ्या मोठेपणाची भाषणे करू नयेत.

माझ्या मरणाची वाट न पाहता दोघांना मी खालच्या दोन खोल्यांत आणले आहे. रोज सकाळी मी त्याला डाव्या हाताने लिहायला शिकवते. त्याचा ‘भ’ अजून उलटा पडतो. मी रागावते, तो हसतो, आम्ही पुन्हा लिहितो.

वरील मजकूर मी वाचून, समजून साक्षीदारांसमक्ष सही केली आहे. त्यांनीही माझ्यासमोर सह्या केल्या.

ठिकाण: कर्जत
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५

सही: विमल मधुसूदन कर्णिक

साक्षीदार:
१. नवनाथ ठोंबरे, शेजारी, दहिवली
२. सानवी गुप्ते, शिक्षिका, कर्जत