अंगणात फेकायचं नाव

गुटू,
४ जून १९८७

ति. मायडेईआत्यास,
चेनाईचा शि. सा. न. वि. वि.

मुलगी झाली. तिसरी! बाळ गुटगुटीत आहे, पण सासूबाईंनी अजून मांडीवर घेतलेलं नाही. शेंगा सोलत बसतात आणि शेजारणीला ऐकवतात, की काही घरांच्या नशिबी वंशाचा दिवा नसतोच. मी पडले सून. उलट उत्तर कसं देऊ? म्हणून ठरवलंय, पोरीचं नाव मुचानेटा ठेवायचं. 'थकाल तुम्हीच!' अंगणात शंभरदा हाक मारीन, लागायचं त्यांना लागेल. टेंडेकाई खाणीवरून तेराला लेकीला बघायला घरी येईल, चौदाला रविवारी बाप्तिस्मा. हसलीस ना? भाची तुझीच आहे.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
चेनाई

ग्वेरू,
८ जून १९८७

चि. चेनाईस,
अ. उ. आ.

आधी हसले, मग हातातला चहा निवून गेला. आपल्यात सुनेला तोंड नसतं, तिच्या लेकराच्या नावाला असतं, हे मला का ठाऊक नाही? माझं नाव म्हणजे आईने तुझ्या पणजीला मारलेला टोला: 'काय हवं होतं तुम्हाला?' हवा होता मुलगा, आले मी. पणजी गेली, आई गेली, भांडण मातीत गेलं. मायडेई तेवढी उरली.

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर मला फेलिसिटास म्हणत. सुट्टीत घरी आले, की फाटकापासूनच आईची हाक ऐकू येई. आवाजात सगळी माया, आणि शब्दांत तो प्रश्न. मी दप्तर टाकून पाणी भरायला धावे. जे कुणाला हवं होतं, ते आपणच देऊन टाकावं, असं वाटायचं.

टोमणाच मारायचा तर कुत्रं पाळ बाई, आणि त्याला दे ते नाव. आमच्या शेजारणीने तेच केलंय. कुत्रं भुंकेल आणि एक दिवस जाईल. पोरीला मात्र ते नाव घेऊन सासरी जायचंय. सासूबाईंना सांगायचं ते तूच सांग. गुडघे टेकून, टाळी वाजवून, रीतीने सांग, पण सांग.

रागावू नकोस. बाळाच्या टाळूवर माझा पापा.

तुझी,
आत्या

गुटू,
१५ जून १९८७

ति. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वेळेवर पोचलं. शनिवारी सासूबाई एकट्याच शेंगा सोलत होत्या. बाळाला पाठीवर बांधून गेले, गुडघे टेकले. म्हटलं, की आई, तुम्हाला ऐकवायला हिचं नाव मुचानेटा ठेवणार होते. आता नाही ठेवत. पण तुम्ही हिला घेत नाही, त्याने माझा जीव तुटतो.

त्यांनी हातातली शेंग फोडली. मग म्हणाल्या, की ठेव की खुशाल, खोटं काय त्यात? थकलेच आहे मी. नातू नाही म्हणून गाव मला टोचतं, मी तुला टोचते. किती दिवस रेटू? मांडीवरची टरफलं झटकली आणि म्हणाल्या, की सोड ते फडकं, आण इकडे. पोरीने लगेच त्यांची मांडी ओली केली. वाटलं, आता उठतील. उठल्या नाहीत.

काल फादरनी नाव विचारलं, तेव्हा टेंडेकाईने माझ्याकडे पाहिलं आणि मी सासूबाईंकडे. त्यांनीच सांगितलं: झोरोरो.

विसावा.

भेटायला ये. तोवर लोभ आहे तसाच राहू दे.

तुझी,
चेनाई